उरण: साडेबारा टक्क्यांची गोष्ट

नेरूळहून उरणच्या लोकलला बसलात तर स्थानकांच्या पाट्या वाचत जा. खारकोपर. शेमटीखार. रुळांपासून थोडं बाजूला जसखार आणि सावरखार ही गावं आहेत. चार नावं, चारही नावांत ‘खार’. आज त्या पट्ट्यात कंटेनरच्या चळती, सहापदरी रस्ते आणि उंच इमारती उभ्या आहेत, पण नावांनी जमिनीची मूळ जात सोडलेली नाही.

उरणच्या बातम्या येतात त्या बंदराच्या, पुलाच्या, रेल्वेच्या, विमानतळाच्या. प्रत्येक वेळी कोटींचा आकडा नवा आणि कोनशिला नवी. पण उरणच्या एखाद्या जुन्या माणसाशी गप्पा मारायला बसा. दहा मिनिटांत तो ‘साडेबारा टक्के’वर येतो. बाहेरच्याला वाटतं, ही कसली दलाली? दलाली नाही, तो जमिनीचा हिशेब आहे. बंदर कसं चालतं, पूल किती लांब आहे हे कुठेही वाचायला मिळतं. हा हिशेब मात्र सहसा कुणी उलगडून सांगत नाही, आणि तो कळल्याशिवाय उरण कळत नाही.

आधी खार

खाडीकाठी भरतीचं पाणी ज्या चिखलावर चढतं-उतरतं, त्याला मातीचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढत भात लावायचं, ही खारजमीन. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात, म्हणजे झडपा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. वीज नको, पंप नको. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, त्यामुळे ही शेतं उधाणाच्या पातळीच्या खालीच असतात. बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेत खारं होतं आणि पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांध हा एकट्यादुकट्याचा नव्हे, सगळ्या गावाचा कारभार.

या जमिनीवर राता नावाचं, खारेपणा सोसणारं लाल भात व्हायचं. तळ्यांत जिताडा मासा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या दलदलीत, चिंबोऱ्या आणि निवट्या. पलीकडे मिठागरं. आगरी, कोळी, कराडी समाजाचं वर्षाचं गणित या सगळ्यावर मिळून बसलेलं होतं. भात चार महिने, मीठ उन्हाळ्यात, मासळी जमेल तेव्हा.

आता यातलं सातबाऱ्यावर काय येतं? भात, तेवढंच. खाजणात चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर नाही. मिठागरावर राबणाऱ्या मजुराचं नाही. बांध घालण्यात पिढ्यान्पिढ्या गेलेल्या श्रमाचंही नाही. सरकारी दप्तरात ही सगळी जमीन म्हणजे एकपिकी, खारवट, हलकी. पुढे जे घडलं त्याची अर्धी उत्तरं या एका नोंदीत आहेत.

भाव कोणत्या दिवशीचा?

मुंबई बेटावर जागा संपत आली, तेव्हा नियोजनकारांची नजर खाडीपलीकडे गेली. १९७० साली सिडको ही शहर उभारणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. त्याच दशकात, १९७४ मध्ये, मुंबई हायला तेल सापडलं. ते तेल आणि वायू किनाऱ्यावर आणून शुद्ध करायला ओएनजीसीचा प्रकल्प उरणला आला. मागोमाग बोकडविऱ्याचं वायूवर चालणारं वीज केंद्र आलं. नंतर बंदर. म्हणजे एकाच तालुक्यात तीन-चार वेगवेगळे मालक, प्रत्येकाला जमीन हवी, आणि प्रत्येकासाठी कायदा मात्र एकच, १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला.

तो कायदा साध्या शब्दांत असा. सरकार ज्या दिवशी भूसंपादनाची पहिली अधिसूचना काढेल, त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा. बाजारभाव कसा ठरवायचा, तर आसपासची खरेदीखतं पाहून. त्यावर सक्तीने घेतल्याबद्दल काही टक्के जादा द्यायचे, ज्याला दिलासा रक्कम म्हणतात. १९८४ च्या दुरुस्तीपर्यंत ती १५ टक्के होती, मग ३० झाली. आणि खरी मेख पुढे आहे. ज्या कामासाठी जमीन घेतली जातेय, त्या कामामुळे तिची किंमत पुढे कितीही वाढणार असली, तरी ती वाढ मोबदल्यात मोजायची नाही. हे कायद्यातच लिहिलेलं होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बंदर येणार म्हणून जमीन मोलाची होणार हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारला आहे, गोदामवाल्याला आहे, बांधकाम व्यावसायिकाला आहे. फक्त शेतकऱ्याचा हिशेब बंदर येणारच नाही असं समजून करायचा. शिवाय जिथे पिढ्यान्पिढ्या कुणी जमीन विकतच नाही, तिथे खरेदीखतं तरी किती सापडणार? जी सापडतील ती अडीनडीला, पडेल भावात झालेली. त्यावरून एकरी दर निघाला की तो हलक्या, एकपिकी, खारवट जमिनीचाच दर निघणार.

माझ्या मते उरणच्या शेतकऱ्यांचा राग ‘विकास नको’ असा कधीच नव्हता. तो या एका कलमावर होता, मग कलमाचा आकडा त्यांना माहीत असो वा नसो.

जासई, १९८४

जासई हे उरण तालुक्यातलं गाव, दि. बा. पाटलांचं. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, आमदार, खासदार, पेशाने वकील. वकील असण्याचा इथे फार संबंध आहे. मोबदल्याची भाषा त्यांना कोर्टाच्या बाजूनेही कळत होती आणि बांधावरूनही. त्यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. दरवर्षी त्या तारखांना जासई आणि नवघर परिसरात हुतात्म्यांना अभिवादन होतं. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या, अशी मागणी इतक्या तीव्रतेने का होते, हे या दोन दिवसांशिवाय उमगत नाही.

त्या लढ्यातून एक नवा विचार रुजला. नुसता पैसा देऊन शेतकऱ्याला वाटेला लावू नका. त्याच्याच जमिनीचा काही भाग रस्ते, पाणी, गटारं करून, म्हणजे विकसित करून, त्याला परत द्या. मग पुढे भाव वाढला तर तो वाढेल त्याच्याही हातात. कायद्याने शेतकऱ्याला ज्या वाढीतून वगळलं होतं, त्या वाढीत त्याला मागच्या दाराने परत घेण्याची ही युक्ती. ६ मार्च १९९० आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयांनी ती नियमात बसली. प्रमाण ठरलं साडेबारा टक्के.

एक एकर दिलं तर हातात किती?

आकडेमोड करून पाहू, कारण इथेच बहुतेक जण चुकतात.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. पण ते पाचही मिळत नाहीत. त्यातले ३० टक्के शाळा, मैदानं, दवाखाने अशा सामाजिक सोयींसाठी कापले जातात. उरतात साडेतीन गुंठे, साधारण ३५० चौरस मीटर. म्हणून कागदावर साडेबारा असलेला आकडा प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के होतो. त्या भूखंडावर दीड चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या दीडपट बांधकाम करता येतं, आणि त्यातला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग दुकानांसाठी.

दुसरा बारकावा. शेतकऱ्याने दिली ती मालकीची जमीन. मिळाला तो सिडकोचा भाडेपट्टा, मूळचा ६० वर्षांचा. घर बांधा, विका, वारसांना द्या, पण कागदावर मूळ मालक सिडकोच, आणि हस्तांतर करायचं तर परवानगी आणि शुल्क. पुढे मुदत वाढवण्याचे निर्णय झाले हे खरं, तरी ‘मालक’ या शब्दाची जागा ‘पट्टेदार’ या शब्दाने घेतली ती घेतलीच.

आता तिसरा, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: कधी?

जमीन गेली सत्तर-ऐंशीच्या दशकांत. योजना नियमात आली नव्वदच्या दशकात. पात्रता ठरवायची, तर मूळ निवाडा शोधायचा, वारस लावायचे, चुलत्याची सही आणायची, लग्न होऊन गेलेल्या आत्याची संमती घ्यायची, मग सोडतीची वाट पाहायची. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांचं तर आणखीच लांबलं. ऐंशीच्या दशकातल्या जमिनीबद्दल साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली १६ ऑगस्ट २०१४ रोजी. इरादापत्र म्हणजे भूखंड नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

या मधल्या काळात काय होतं, तर ‘फाईल’ विकली जाते. भूखंड अजून नकाशावरही नसतो, पण तो मिळण्याचा हक्क बाजारात असतो. घरात लग्न निघतं, आजारपण येतं, आणि वीस वर्षं वाट पाहून थकलेलं कुटुंब फाईल एखाद्या बिल्डरला देऊन मोकळं होतं. बिल्डरला थांबायला परवडतं. त्यामुळे भाववाढीत शेतकऱ्याला वाटा देण्यासाठी आणलेल्या योजनेचा मलिदा पुष्कळदा थांबू शकणाऱ्याच्या पदरात पडतो. हे कुणी कायदा मोडून केलं असं नाही. उशीर हाच इथला कर आहे, आणि तो गरिबाला जास्त बसतो.

उशिराचं दुसरं फळ म्हणजे ‘गरजेपोटी’ घरं. हा शब्द नवी मुंबईबाहेर फारसा ऐकू येत नाही. गावठाणाची हद्द जुनी, कुटुंबं मात्र वाढलेली. भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली. शेजारची स्वतःचीच जुनी जमीन आता सिडकोच्या नावावर. लोकांनी तिथेच घरं बांधली. कागदाच्या भाषेत ती अतिक्रमणं, गावाच्या भाषेत गरजेपोटी बांधलेली घरं. ती नियमित करण्याचे शासन निर्णय अनेकदा निघाले आणि प्रत्येक निवडणुकीत हा विषय वर येतो.

खोका आणि गाव

बंदराबद्दल थोडक्यात, कारण त्यातला एकच भाग उरणच्या दृष्टीने कळीचा आहे.

जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजेच पूर्वीचं जेएनपीटी, २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. स्थानिक तोंडी मात्र नाव न्हावा शेवा, ज्या गावांच्या जागेवर ते उभं राहिलं त्यांचं. २०२४-२५ या वर्षात इथून ७३ लाखांच्या आसपास ‘टीईयू’ गेले-आले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनर हे एक माप. चाळीस फुटी असेल तर दोन मोजायचे. रोजची सरासरी काढा: वीस हजार.

रोज वीस हजार टीईयू हलतात म्हणजे हजारो हमाल लागत असतील असं वाटतं. पूर्वीच्या गोदीत लागायचेच. पोतं, पेटी, गासडी माणसाच्या पाठीवरून उतरायची. कंटेनरचा शोधच मुळी ते माणूस वाचवण्यासाठी लागला. क्रेनच्या केबिनमध्ये एक चालक बसतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत एक खोका उचलतो. त्यामुळे बंदर जितकं मोठं होतं, तितक्या प्रमाणात नोकऱ्या वाढत नाहीत. त्यात आणखी एक. इथलं बंदर प्राधिकरण आता जमीनमालकासारखं काम करतं. धक्के बांधायचे आणि चालवायचे ते खासगी कंपन्यांनी. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये इथेच सुरू झालं, आणि २०२२ मध्ये प्राधिकरणाने स्वतः चालवलेलं शेवटचं कंटेनर टर्मिनलही खासगी भागीदाराकडे गेलं. ‘जमीन गेली, एका मुलाला बंदरात कायम नोकरी’ हे ज्या पिढीने ऐकलं, तिच्या नातवंडांसमोर आज कंत्राटदाराचं ओळखपत्र आहे.

मग स्थानिक रोजगार आला कुठून? बंदराच्या कुंपणाबाहेरून. जहाजातून उतरलेला कंटेनर सीमाशुल्काची तपासणी होईपर्यंत जिथे ठेवतात, उघडतात, रिकामा करतात, त्या जागांना सीएफएस म्हणतात. उरण-पनवेल पट्ट्यात अशा अनेक जागा झाल्या. तिथे मापाडी, सर्वेअर, सुरक्षा रक्षक, फोर्कलिफ्ट चालक, ट्रेलरवाले, टायरवाले, चहावाले. दोन-चार ट्रेलर घेऊन धंद्याला लागलेले प्रकल्पग्रस्त तरुण इथे बरेच. आणि २०१६ पासून बंदराने आयातदारांना थेट धक्क्यावरूनच माल उचलण्याची सवलत वाढवायला सुरुवात केली. आयातदाराचे दिवस वाचले, खर्च वाचला. देशाच्या व्यापाराला हे चांगलंच. पण मधली पायरी गाळली, की त्या पायरीवर बसलेला माणूसही गळतो. सीएफएसमधल्या कामगारांनी तेव्हा आंदोलनं केली ती याच धास्तीने. बंदराची कार्यक्षमता आणि बंदराच्या गावाचा रोजगार या दोन गोष्टी एकाच दिशेने चालतील असं नाही, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पाणी कुठे जाणार?

खारजमिनीवर काही बांधायचं तर आधी भराव. कंटेनरच्या चळतीचं ओझं चिखल पेलत नाही, म्हणून दगड-मुरूम टाकून जमीन कित्येक फूट उंच करतात. मुरूम येतो डोंगरातून. म्हणजे डोंगर खाली, खाजण वर.

भरावाखाली गेलेल्या खाजणात पूर्वी भरतीचं पाणी पसरायचं. ते आता जाईल तिथे जाईल. आणि जुनी गावं राहिली मूळच्याच पातळीवर, चारी बाजूंना उंच रस्ते आणि यार्डं. बशीच्या मधोमध बसल्यासारखी. पावसाचा जोर आणि उधाण एकाच वेळी आलं, की आतलं पाणी बाहेर जायला वाट नसते. उघाडी हे साधं यंत्र, पण ज्या नाल्यावर ती होती तोच बुजला तर ती काय करणार?

मासेमारीचं नुकसान पैशात मोजण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि गव्हाण इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. खाडीचं मुख आवळलं गेलं, कांदळवन गेलं, होड्यांचे मार्ग अडले, हे त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत असा आदेश दिला, आणि बंदर, ओएनजीसी व सिडको यांच्यात तो भार वाटून दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण त्या आदेशातलं तत्त्व मला रकमेपेक्षा मोठं वाटतं. सातबारा नसलेल्या माणसाचंही काहीतरी घेतलं गेलं, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे कागदावर आलं.

यातल्या हनुमान कोळीवाड्याची कथा तर वेगळीच. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि तिथल्या २५६ कुटुंबांना दुसरीकडे वसवलं. नव्या जागेत वाळवी लागली. दारं, छपरं, कपाटं पोखरली गेली. घरं दुरुस्त करायची, पुन्हा वाळवी. पुनर्वसनाचं पुनर्वसन मागत ते गाव कित्येक दशकं अर्ज करत राहिलं. बंदरात ये-जा करणारी मोठी जहाजं त्यांनी अडवली, तेव्हा कुठे बातमी झाली.

पूल दिसतो, लोकल वापरली जाते

१२ जानेवारी २०२४ हा दिवस उरणसाठी दुहेरी होता. शिवडी ते चिर्ले असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण ही लोकल, दोन्हींचं उद्घाटन त्याच दिवशी झालं. बातम्यांत पुलाला जागा मिळाली. साहजिक आहे. साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून, सहा मार्गिका, साठच्या दशकापासून कागदावर असलेली कल्पना.

पण पुलाचा नियम पाहा. २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० रुपये. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. तो उतरतो चिर्ल्याला, उरण शहरापासून बराच अलीकडे, आणि तिथून पुण्याच्या, गोव्याच्या, विमानतळाच्या वाटेला लागतो. उरणजवळच्या करंजाच्या कोळणीला मासळी घेऊन मुंबईला जायचं तर या पुलाचा तिला काडीचा उपयोग नाही. पूल उरणवरून जातो, उरणला येत नाही. त्याने उरणची जमीन मात्र मुंबईपासून वीस मिनिटांवर आणून ठेवली, आणि जाहिरातवाल्यांना तेवढंच हवं होतं.

लोकलचं उलट. नव्वदच्या दशकात मंजूर झालेला सुमारे २७ किलोमीटरचा मार्ग. जमीन, कांदळवन, पैसे यांत अडकत अडकत नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आला आणि आणखी पाच वर्षांनी उरणला पोहोचला. थेट मुंबईला नेत नाही, नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. तरीही ट्रेलरांच्या रांगेत एसटीत अडकून पडणाऱ्या विद्यार्थ्याला, रुग्णालयात निघालेल्या म्हाताऱ्याला आणि द्रोणागिरीत स्वस्त घर घेऊन ठाण्याला कामाला जाणाऱ्याला या गाडीने जे दिलं, ते पुलाने दिलेलं नाही. गावाची गरज आणि देशाची गरज एकाच दिवशी नारळ फोडून सुरू झाली, एवढाच तो योगायोग.

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच अजूनही आहे. मुंबई गाठण्याचा उरणकरांचा सगळ्यात जुना रस्ता. मोरा बंदरात गाळ इतका साचतो, की मोठ्या ओहोटीला लाँच काही तास बंद ठेवावी लागते. थोड्याच अंतरावर जगातली अजस्र कंटेनर जहाजं यावीत म्हणून समुद्रातला मार्ग पंधरा मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्याखाली तेवढा भाग बुडणाऱ्या जहाजांसाठी खोल केला आहे.

पुढची १२४ गावं

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मूळ नवी मुंबईएवढं. नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, बोलण्यात ‘तिसरी मुंबई’. चिरनेर हे उरण तालुक्यातलंच गाव. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात तिथेही गोळीबार झाला होता आणि माणसं मेली होती. तेव्हाही प्रश्न जमीन कुणाची, जंगल कुणाचं हाच.

दरम्यान काही गोष्टी बदलल्या आहेत. १८९४ चा कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात मोबदला जास्त आहे, सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, आणि जमिनीचा मालक नसला तरी तिच्यावर पोट असलेल्यांचा विचार आहे. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊ केली गेली. ते विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन त्याच वर्षी डिसेंबरअखेरीस सुरूही झालं, त्यामुळे आता कुठल्याही वाटाघाटीत शेतकरी बोट दाखवतो ते साडेबावीसकडे. पण नव्या कायद्याची कडक कलमं लागतात ती सक्तीच्या भूसंपादनाला. शेतकऱ्याने ‘राजीखुशीने’ करार केला, तर त्यातलं बरंचसं बाजूला राहू शकतं. म्हणून करारावर सही करण्याआधी टक्क्यांचा आकडा सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते हे: कापून हातात किती येणार, मालकी मिळणार की पट्टा, भूखंड नकाशावर आज आहे का, आणि तो नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत ताब्यात देणार, उशीर झाला तर त्याचं व्याज कोण भरणार. खाजणावर जगणाऱ्यांची नोंद कोण करतंय, हेही ग्रामसभेतच विचारून घ्यावं, कारण ते निवाड्यात आपोआप येत नाही.

आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट. या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे, त्यांनी तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदी आत्ताच पूर्ण करून घ्याव्यात. साडेबारा टक्क्यांच्या किती फाईली आजोबांच्या नावावर अडकून पडल्या, हे जासईत कुणालाही विचारा.